पांढऱ्या रंगाखालची ओळ

जऊळक्याच्या स्टेशनवर माय मला सोडायला आली होती. गाडीला उशीर होता आणि बाकावर गावातली माणसं बसली होती, म्हणून ती माझ्याशी सगळं वऱ्हाडीतच बोलत होती. "चिठ्ठी टाकजो, भीमा. कोनाच्या भांडनात पडू नको. पुन्यातले लोक हसले तं हसू देजो." गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर चालू लागली, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि एकच वाक्य आमच्या बोलीत म्हणाली, कोलामीत. अर्थ अगदी साधा होता. तिथे उपाशी झोपू नकोस.

पोडावर राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, मायेने हे कानात का सांगितलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण आपली पोरं आता शहरात जन्मतात, त्यांच्यासाठी लिहितो. आमचे आजोबा कामाच्या शोधात केळापूरकडून वर आले आणि अनसिंगच्या पुढे टेकडीखाली आमचं पोड, म्हणजे आमची चारदोन घरांची वस्ती झाली. आजूबाजूला सगळे मराठी बोलणारे. तेव्हापासून घरात मायेचा एक नियम होता. अंगणात बाहेरचं माणूस आलं की आपली बोली बंद. "त्याले वाटते, आपल्याबद्दलच बोलून राह्यले. मानसाचा अपमान होते," ती म्हणायची. पाहुणा उठून वळणाआड गेला की मग बोली पुन्हा सुरू. लहानपणी मला त्या पाहुण्याची दयाही यायची. बिचाऱ्याला आमची खरी गंमत कधी ऐकायलाच मिळत नाही, असं वाटायचं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. वाशिम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. मी अनसिंगच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचो, आणि ओळखीतून पुण्यात एका जाहिरातींच्या स्टुडिओत अक्षरं काढायच्या कामाला लागलो. तिथे त्याला लेटरिंग म्हणायचे. केसांच्या तेलाची, चहाची, साड्यांच्या सेलची अक्षरं मी काढली. माझं बोलणं ऐकून जेवणाच्या सुट्टीत लोक हसायचे. मी हसू दिलं. मायेनेच सांगितलं होतं.

मग एक दिवस कुठल्याशा संस्थेचं काम आलं. आदिवासी बोली मरणपंथाला लागल्या आहेत, लोकांना जाग आणायची, मालिकेतलं पहिलं पोस्टर कोलामीचं. स्टुडिओच्या मालकांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. त्यांनी मला बोलावून खांद्यावर हात ठेवला. "भीमराव, हे तर घरचंच काम तुमचं." त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही, हे आज लिहितानाही तोंड कडू होतं.

लेआउट त्यांनी आधीच ठरवला होता. मध्यभागी एक म्हातारा, डोक्यात पिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात भाला. मी म्हटलं, आमच्यात कोणी पिसं लावत नाही, माझा बाप धोतर-बंडी घालायचा आणि डोक्याला फडकं बांधायचा. भाऊसाहेब म्हणाले, "अहो, मग तो कोणीही शेतकरी वाटेल. लोकांना ओळखू यायला नको का?" मॉडेल म्हणून त्यांनी आपल्या ड्रायव्हरला उघडा करून स्टुलावर बसवलं, पिसं कोंबड्याची आणली. तो बिचारा सारखा शिंकत होता आणि सगळा स्टुडिओ खिदळत होता. मी त्यांच्यात उभा राहून त्या पिसांना रंग देत होतो. मला शिसारी आली ती तेव्हापासून, आणि अजून गेलेली नाही.

वर ठळक अक्षरांत ओळ होती, 'एक बोली मरते आहे'. खाली तेच इंग्रजीत. संस्थेचं नाव दोन्हींत. कोलामीतला एक शब्दही कुठे नव्हता. मेलेल्या माणसाच्या फोटोखाली शेजाऱ्याचं नाव लिहावं, तसला प्रकार. म्हाताऱ्याच्या पायाशी थोडी जागा उरली होती. तिथे मी मायेचं वाक्य लिहिलं, देवनागरीत, बारीक ब्रशने. इतकी चांगली अक्षरं मी आयुष्यात परत काढली नाहीत.

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "हे काय?"

"कोलामी आहे."

"कोण वाचणार? लोकांना छापखान्याची चूक वाटेल. काढा ते."

आमच्या धंद्यात चुकीवर पांढरा पोस्टर कलर फिरवतात. मूळ चित्रावर तो डाग दिसतो, पण छपाईच्या कॅमेऱ्याला पांढऱ्याखालचं काही दिसत नाही. मी पांढरा रंग घेतला आणि मायेचं वाक्य बुजवलं. ते वाक्य मी इथेही लिहिणार नाही. एकदा बाजारात नेलं, तेवढं पुरे.

पोस्टरांचं प्रदर्शन भरलं. लोक बटाटेवडे खात म्हाताऱ्यासमोर उभे राहून हळहळत होते. चटणी सांडली की हळहळ थांबायची. भाऊसाहेबांनी माझी ओळख करून दिली तशी एक बाई म्हणाल्या, "अय्या, खरे कोलाम? काहीतरी बोलून दाखवा ना." सगळे गोल करून उभे राहिले. मी कोलामीत म्हटलं, तुमच्या तोंडात माती पडो. टाळ्या पडल्या. "किती गोड भाषा," त्या म्हणाल्या.

पोस्टरचा एक गठ्ठा आमच्या भागातही गेला. त्या वर्षी दिवाळीला गावी निघालो तेव्हा त्यातलं एक अनसिंगच्या शाळेत, मास्तरांच्या खुर्चीमागे चिकटवलेलं पाहिलं. ह्याच मास्तरांनी कोलामी बोललो म्हणून मला उन्हात उभं केलं होतं. त्यांनी माझ्यासाठी प्रेमाने चहा मागवला. "तुमीच काढलं म्हने हे? झकास हाय. आन आता तुमच्या पोडावरचे पोरं वर्गात त्या भाषेतला एक शब्द बोलत नाईत बरं. सुधरले." हे सांगताना त्यांना खरंच अभिमान वाटत होता. चहा मी तसाच ठेवला आणि उठलो.

घरी पोचलो तर माय अंगणात. "कवा निघाला? पानी आनू काय?" ती वऱ्हाडीत म्हणाली. मी मागे वळून पाहिलं. वाटलं, माझ्यामागून कोणी आलं असेल. कोणी नव्हतं. मी कोलामीत उत्तर दिलं, तर तिने पुन्हा वऱ्हाडीतच विचारलं, "खुर्चीवर बसतं काय? खाली कपडे खराब होतीन." संध्याकाळी ती आणि माझी वहिनी चुलीपाशी कोलामीत गप्पा मारत होत्या, कशावरून तरी पोट धरून हसत होत्या. मी दारात गेलो आणि दोघी थांबल्या. वहिनी म्हणाली, "भाऊजी, च्या ठेवू का?"

मी विचारलं, "माय, मी पावना हाय काय?"

"तसं नाई रे," ती म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं. "तू आता मोठ्या लोकायत राह्यतं. तुले कसंतरी वाटन."

पुण्यात इतके जण माझ्या बोलण्याला हसले, त्याचं काही वाटलं नव्हतं. मायेच्या त्या अदबीने मात्र मी पार खचलो. घर म्हणजे टेकडी नव्हे, पोड नव्हे. आपल्याला पाहून जिथे बोलणं थांबत नाही ती जागा म्हणजे घर, असं मला त्या दिवसापासून वाटतं. मायेला दाखवायला आणलेली पोस्टरची गुंडाळी मी पिशवीतून बाहेरच काढली नाही. परत जाताना वाटेतल्या एका स्टेशनवर टाकून दिली.

जऊळक्याला माय पुन्हा सोडायला आली. भर दुपारची वेळ, डबा रिकामाच होता. गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर चालू लागली, आणि मी मुद्दाम वाकून कान तिच्या तोंडाशी नेला.

"उपाशी निजू नको, बापू," ती वऱ्हाडीत म्हणाली.

फलाटावर तिच्याशिवाय कोणीही नव्हतं.