कोंडाबाई कोण हाय?

हदगावकडं कापूस फुटला की शेतकरी एकमेकांना विचारतात, "तुमच्या गावात कोंडाबाई कोण हाय?" परक्याला वाटावं, हे काय खूळ! पण वेचणीच्या बायांची टोळी जी चालवते, तिला इकडच्या चार-पाच गावांत कोंडाबाईच म्हणतात. मूळची कोंडाबाई अजून चांगली खणखणीत आहे, त्यामुळं तिच्या स्वतःच्या गावात मात्र यंदापर्यंत दुसरी झाली नव्हती.

तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं हिला शेजारणीच्या पदरात टाकलं आणि मूठभर कोंडा देऊन परत घेतलं. तेच नाव पडलं. जन्मभर त्या नावाचा तिला राग. नातीचं नाव तिनं हट्टानं लुंबिनी ठेवलं. पण टोळी चालवावी तर तिनंच! तिचा कायदा एकच: मजुरी किलोवर, म्हणून कापूस तोलायचा काटा बायांच्या हातात राहील, मालकाच्या नाही. भल्याभल्यांनी कुरकुर केली, पण कुणाची डाळ शिजली नाही.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. तिनं सून विशाखाला काटा देऊन भुजंगरावाच्या शेतात धाडलं. भुजंगराव बांधावरच आडवा आला. कोंडाबाई असेल तर काटा तिचा, नाहीतर माझा, असं त्यानं ठणकावलं. विशाखा तोंड पाडून घरी आली. काटा एकदा गेला की गेला, हे कोंडाबाईला कुणी सांगायला नको होतं.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी लुंबिनी तेव्हा नांदेडहून आलेली. तिनं आजीला रोमचं सांगितलं. सीझर हे तिथल्या एका घराण्याचं साधं आडनाव. त्यातला एक फार मोठा झाला, तर पुढं गादीवर बसणारा जो तो सीझर म्हणवू लागला, रक्ताचा असो नसो. नाव होतं, त्याचा हुद्दा झाला.

आणि आधी त्या नावाचा अर्थ काय होता, आजीनं विचारलं. कुणी म्हणतं केसाळ, लुंबिनी म्हणाली, पण आता ते विचारतं कोण?

कोंडाबाई लई हसली. मग ऑटो बोलावून तडक शेतात गेली आणि सगळ्या बायांसमोर तिनं काटा विशाखाच्या हातात दिला.

"भुजंगराव, ही कोंडाबाई."

"तिचं नाव विशाखा हाय की."

"घरी विशाखा. काटा हातात असला की कोंडाबाई. तुम्ही इतकी वर्षं मान काट्याला देत व्हता का माझ्या गुडघ्यांना?"

बाया कापूस भरायच्या ओट्या कंबरेला बांधून उभ्या होत्या, पण एकीचाही हात बोंडाला लागेना. वर आभाळ भरून आलेलं, शेत पांढरंफेक. भुजंगरावानं आभाळाकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं आणि तो बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाबाई बाजेवर चहा पीत बसली होती. तिचा फोन वाजला. शेजारच्या गावचा कुणी शेतकरी विचारत होता, कोंडाबाई हाय का?

तिनं बशी खाली ठेवली.

"न्हाई," ती म्हणाली, "कोंडाबाई शेतात गेलीय."