माठाचं कुलूप

प्रवासात शेजारचं कुणी न मागता पाण्याची बाटली पुढे करतं, तेव्हा मला आमचं नाटक आठवतं. हावरट शेठजींवरचं प्रहसन होतं ते. त्यात मी गरीब बाई होते आणि मला एकच वाक्य होतं, “शेठजी, घोटभर पाणी मिळेल का?” शेठजी उठून माठाला कुलूप लावायचे, लोक पोट धरून हसायचे आणि मी निघून जायचे.

एका गावात पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. रंगमंचापाशी येऊन त्यांनी आपली बाटली वर धरली. “घे गं. त्याच्या काय नादाला लागतेस?”

माझ्या त्या एका वाक्याचं त्या माउलीनं सोनं केलं. मला तहान नव्हती, तरी सगळं पाणी प्यायले. शेठजी कुलूप हातात धरून नुसते उभे होते.