साठ पौंडांचं कलम

झेडक पेल हा आमच्या हार्टवेल गावचा पिंपं बनवणारा. सफरचंदाची दारू भरा नाहीतर खारवलेलं डुकराचं मांस, त्याचं पिंप कधी थेंबभर गळायचं नाही. माणूस मात्र पक्का बढाईखोर! "माझं दुकान, माझी जागा," हे दिवसातून दहा वेळा. आणि खरं काय? जागा गिरणीवाल्या थ्रपसाहेबांची, हा आपला भाडेकरू. पण ते फक्त थ्रपसाहेबांना ठाऊक आणि झेडकच्या बायकोला, थँकफुलला. जागाजमीन नसलेल्याला निवडणुकीत मत नसायचं. त्यामुळे निवडणूक आली की हा पठ्ठ्या नेमका ओकची लाकडं तोडायला रानात पसार. उगीच कुणी कागद मागितला तर?

सतराशे ऐंशीच्या मे महिन्यात बॉस्टनहून मॅसॅच्युसेट्सच्या नव्या राज्यघटनेचा मसुदा छापून गावोगाव आला. इंग्लंडच्या राजाचं जोखड झुगारलं होतं, आता आपलं सरकार कसं असावं ते आपणच ठरवायचं होतं. गावसभेत एकेक कलम वाचायचं आणि हो की नाही ते कळवायचं. आणि या एका कामापुरतं, जमीन असो वा नसो, एकवीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येक स्वतंत्र पुरुषाला मत!

झेडक तेव्हा अडतीस वर्षांचा. त्या दिवशी तो रानात गेला नाही. सकाळीच दाढी करून, घासूनपुसून, सभाघरात पुढच्या बाकावर जाऊन बसला. पहिल्या चार कलमांना त्यानं असा काही हात वर केला की शेजाऱ्याची टोपीच पडली.

मग चिटणिसानं ते कलम वाचलं. यापुढे निवडणुकीत मत कुणाला? ज्याच्याकडे साठ पौंडांची मालमत्ता असेल किंवा जमिनीचं ठरलेलं उत्पन्न असेल, त्याला. झेडकचा हात मांडीवरच राहिला. म्हणजे आयुष्यातलं पहिलं मत द्यायचं, आणि तेच शेवटचं?

थ्रपसाहेब उठले. "योग्यच आहे. ज्याच्या नावावर काही नाही, तो पेलाभर रमसाठी मत विकेल. आणि आपल्या गावात असे आहेत तरी किती? चार-दोन भिकारडे!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. न डोलावून सांगतात कुणाला? डोलावली नाही तर शेजारचा म्हणणार, हा त्यातलाच दिसतोय.

दुपारी सभा जेवायला सुटली. सभाघराच्या पायरीवर बसून मक्याची भाकरी मोडत थँकफुल म्हणाली, "अहो, तोंड का उतरलंय? आज लाकडं नाही तोडायची वाटतं?"

"गप बस गं."

"मी गप्पच आहे. आम्हा बायकांना आत बोलायची बंदीच आहे. तुम्हाला कुणी बंदी घातलीय?"

"उठलो तर अख्ख्या गावाला कळेल, दुकान माझं नाही म्हणून."

"कळू दे! सोळा वर्षं ते खोटं मीही सांभाळतेय. कंटाळा आलाय मला त्याचा."

झेडकनं हातातली भाकरी खाली ठेवली. लढाईत तोफेसमोर उभा राहिलेला माणूस, पण शेजाऱ्यांसमोर गरीब म्हणून उभं राहायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

सभा परत भरली. मतं घेणार, एवढ्यात तो उठला.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "दुकान थ्रपसाहेबांचं आहे. माझी हत्यारं, गाय आणि बिछाना विकला तरी साठ पौंड व्हायचे नाहीत. त्या भिकारड्यांतला एक मी. बंदूक हातात दिली तेव्हा मला हे कुणी विचारलं नव्हतं. बाकीचे कोण आहेत, त्यांनी उभं राहावं. मोजू तरी द्या, चार-दोन आहेत की किती!"

कुणी हललं नाही. मागून कुणीतरी फिसकन हसलं. थ्रपसाहेब तर खुशाल गालातल्या गालात हसत होते. झेडकला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं. पण तो बसला नाही. शाबास रे गड्या!

आणि मग थ्रपसाहेबांच्याच बाकावरून कोण उठावं? त्यांचा थोरला मुलगा, लेमुएल. सव्वीस वर्षांचा, सैन्यात अधिकारी होऊन आलेला.

"लेमुएल, खाली बस! तुझं काय बिघडलंय?"

"बाबा, माझ्या नावावर काय आहे ते सांगा ना. शेत तुमचं, गिरणी तुमची, हा कोटसुद्धा तुम्ही शिवून दिलेला. तुम्ही शंभर वर्षं जगा, पण तोवर मीही भिकारडाच."

सभाघर खदखदून हसलं आणि बाकं करकरायला लागली. घरोघरचे कर्ते मुलगे उठले, ज्यांच्या बापांनी अजून एक वीत जमीन हातची सोडली नव्हती. शाळामास्तर उठले. विणकर उठला. घोड्यावरून रुबाबात फिरणारा सार्जंट खाली बघत उठला. एकतीस माणसं! इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच.

त्या कलमाविरुद्ध चव्वेचाळीस मतं पडली, बाजूनं एकोणीस. चिटणिसानं झेडकचं म्हणणं कारण म्हणून लिहून बॉस्टनला धाडलं.

आता खरं सांगायचं तर, कलम काही गेलं नाही. सगळ्या गावांची मतं धरून घटना मंजूर झाली, साठ पौंडांसकट. सप्टेंबरात पहिला राज्यपाल निवडला तेव्हा झेडक मागच्या बाकावर नुसता बसून होता. पण रानात पळाला नाही. तेव्हाही नाही, त्यानंतर कधीच नाही. दर निवडणुकीला दाढी करून यायचा, नाव यादीत आहे का विचारायचा, नाही म्हटलं की बसायचा. लोक चेष्टा करायचे, मग करेनासे झाले. काहीजण त्याच्या शेजारी येऊन बसायला लागले.

अशी एकेचाळीस वर्षं गेली. अखेर घटना दुरुस्त झाली आणि ते साठ पौंड गेले. पुढच्या एप्रिलमध्ये झेडक ऐंशीचा. दोन काठ्या टेकत आला. मतांची पेटी सांभाळायला बसला होता लेमुएल थ्रप, आता तोही पिकल्या केसांचा. त्यानं यादीवर बोट फिरवलं आणि बोट थांबलं. डोळे भरून आले त्याचे.

"आहे हो काका, तुमचं नाव. हे तुमचं दुसरं मत ना?"

"दुसरं कुठलं रे?" झेडकनं चिठ्ठी पेटीत सोडली. "तेव्हा दिलेलंच आज पोचलं."