समोरच्या कोठडीचा रंग

शिवऱ्याजवळची एक बंद पोल्ट्रीची शेड आम्ही तुरुंग बनवायला घेतली होती. सिनेमाचं कलादिग्दर्शन माझ्याकडे होतं. मी जवळच्याच भोंगवलीची, म्हणून जागा मीच शोधली. दिग्दर्शकाचं आणि माझं पहिल्या दिवसापासून बिनसलेलं.

प्रसंग साधा होता. निरपराध नायक तुरुंगात पहिलं पाऊल टाकतो. एका बाजूला त्याची कोठडी, समोर त्याला छळणाऱ्या टोळीची. मी दोन्ही कोठड्या सारख्याच केल्या: खाली डांबरी पट्टा, वर मळकट चुना, टेकून बसणाऱ्यांच्या डोक्यांचे तेलकट डाग. भिंती सारख्या असल्या की बघणारा माणसांकडे बघेल, कोण वाईट ते त्यांच्या वागण्यावरून ठरवेल, असा माझा विचार होता.

दिग्दर्शक आला, समोरच्या कोठडीपाशी थांबला आणि म्हणाला, "ही हिरवी कर. आणि गजाला एक ताईत लटकव."

"टोळीतले कोण आहेत, ते स्क्रिप्टमध्ये कुठंच नाही," मी म्हणाले.

"स्क्रिप्टमध्ये लिहिता येत नाही ते डिझाइननं सांगायचं असतं. त्यासाठीच घेतलंय तुला."

गजांचं काम भोरचे एक वेल्डर चाचा करत होते. आमच्या घराचं फाटक त्यांनीच बनवलेलं, मला लहानपणापासून ओळखायचे. त्यांनी मशीन बंद केलं. काळा चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडेच बघत राहिले.

"पोरी, रंग कोन देनार? तू?"

"मी नाही देणार, चाचा."

"दुसरा देईल की मग." त्यांनी समोरच्या कोठडीचं गजांचं दार उचलून भिंतीला टेकवलं. "ह्ये दार म्या न्हाई बसवत."

झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तर भिंत हिरवी झालेली, ओली, वासासकट. मी बादलीत चुना कालवला, त्यात काजळी टाकली आणि कोणाला न विचारता त्या भिंतीवर ब्रश मारायला सुरुवात केली. अर्धी भिंत झाली तेव्हा दिग्दर्शक धावत आला.

"कोणाच्या परवानगीनं?"

"कलादिग्दर्शक मी आहे."

"होतीस. गावात राहायचंय म्हणून घाबरतेस, बाकी काही नाही. चालती हो!"

"उरलेली भिंत संपवून जाते."

युनिटमधली माणसं भोवती उभी होती. कोणी मला अडवलं नाही, कोणी माझी बाजूही घेतली नाही. शेवटचा हात मारला, ब्रश त्याच्या पायाशी टाकला आणि कापूरहोळपर्यंत टेम्पोनं आले. हात कोपरापर्यंत राखाडी झाले होते. टेम्पोवाला सारखा त्यांच्याकडे बघत होता, त्याच्यावरही मी खेकसले.

सिनेमा आल्यावर मोबाईल घेऊन भोरला चाचांच्या दुकानात गेले. भिंत राखाडीच राहिली असणार, ते त्यांना दाखवायचं होतं. प्रसंग सुरू झाला. नायकावर उंच झरोक्यातून पिवळं ऊन पडलं. मग कॅमेरा वळला. समोरच्या कोठडीला दार नव्हतंच, गजांपाठी चार चेहरे, आणि त्या चेहऱ्यांवर, भिंतीवर, छतावर हिरवा उजेड.

"रंग न्हवता ना दिला?" चाचांनी विचारलं.

"नाही. दिव्यांवर हिरवा कागद लावलाय."

"म्हंजी झालं त्येंच्या मनासारखं."

मला वाटत होतं ते दिग्दर्शकाला शिव्या घालतील. त्यांनी माझा मोबाईल पालथा करून माझ्याकडे सरकवला.

"ह्ये दाखवाया आलीस व्हय मला हितं?"

"चाचा, मी भांडले, मला हाकललं त्यांनी. माझं नावसुद्धा नाही त्यात."

"गज तर माजंच हायेत न्हवं? त्येंच्याच मागं हुबं केलंय आमास्नी समद्यास्नी." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "जा तू आता. मला काम हाय."

मशीन सुरू झालं. ठिणग्या माझ्या पायापर्यंत येऊ लागल्या. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही, मशीनही थांबवलं नाही. मीच मागं सरकले.