पत्रिकेच्या पाठीवरचा डाग

मी राजारामपुरीत अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. वीसेक वर्षं शिकवतोय, आणि एवढ्या वर्षांत फळ्यापुढे उभं राहून मी एकदाच धडधडीत खोटं बोललो. तेही कशाबद्दल, तर इंजिन ऑइलबद्दल. ऐकून हसू येईल. पण त्या खोट्यानं उचगावच्या एका मिस्त्रींचं नाव खराब झालं. ते नाव त्यांनी उभा जन्म गाड्यांखाली झोपून कमावलं होतं आणि मी ते स्वतःची अब्रू झाकायला वापरलं. आजही उचगावच्या रस्त्याला लागलो की माझी मान आपोआप खाली जाते.

आधी गाडीबद्दल सांगतो. माझी गाडी जुनी आहे, पण साधी नाही. पेट्रोलची सेडान, त्या काळात वेगासाठी नावाजलेली. आरपीएमच्या काट्यानं पाच हजार ओलांडले की इंजिनाचा आवाजच बदलतो आणि माझ्यासारखा पन्नाशीला टेकलेला मास्तरही विशीतल्या पोरासारखा वागायला लागतो. मी ती सेकंड हँड घेतली तेव्हा बायको म्हणाली होती, "ह्या वयात ही थेरं?" मी तिला गाडीत घालून पन्हाळ्याला नेऊन आणलं. उतरल्यावर तिनं पदरानं घाम पुसला.

गाडीची देखभाल सुरुवातीपासून मिस्त्रींकडे. उचगावात रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं शेड. त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. गिऱ्हाइकांच्या घरच्या लग्नपत्रिका त्यांना ढिगानं यायच्या. त्यातल्या खरबरीत कागदाच्या ते बाजूला काढून ठेवायचे. गाडी आली की तेल मोजायची पट्टी काढून पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर एक थेंब टाकायचे आणि पत्रिका तारेला चिमट्यानं अडकवायचे. दुसऱ्या दिवशी तो डाग पसरलेला असायचा. मधे किती काळं, कडेला किती पिवळं, यावरून ते इंजिनाची तब्येत सांगायचे. डागाखाली तारीख, किलोमीटर आणि कुठलं तेल घातलं ते लिहिलेलं असे. जुन्या पत्रिकांवर त्यांचं स्वतःचं वेडंवाकडं अक्षर होतं, अलीकडच्यांवर मात्र सुबक, गोल. ते कुणाचं, हे मी कधी विचारलं नाही. मला फक्त माझ्या गाडीशी मतलब.

मिस्त्री माझ्या गाडीत वर्षानुवर्षं एकच तेल घालत होते, जरा दाट, अर्धं सिंथेटिक. गाडी तक्रार करत नव्हती. तक्रार मला होती. एका उन्हाळ्याच्या तोंडावर मी इंटरनेटवर गाडीवेड्या लोकांच्या चर्चा वाचायला लागलो. कुठल्या कुठल्या बर्फाळ देशांतले लोक तिथे छातीठोकपणे लिहीत होते की, पातळ तेल म्हणजे घर्षण कमी, घर्षण कमी म्हणजे ताकद जास्त. वाचून मला वाटलं, हे तर आपल्याला आधीच कळायला हवं होतं. आपण फिजिक्सचे मास्तर! आणि आपल्या गाडीत कोण तेल ठरवतंय, तर आठवी नापास माणूस. हे मी तेव्हा मनात याच शब्दांत म्हणालो होतो. आता लिहिताना कान गरम होतात.

मी नव्या गाड्यांत घालतात ते सगळ्यात पातळ, पूर्ण सिंथेटिक तेल आणलं आणि रविवारी डबा घेऊन शेडात गेलो. मिस्त्रींनी डबा फिरवून आकडे बघितले. डब्यावर दोन आकडे असतात. पहिला सांगतो तेल थंडीत किती सहज वाहतं, दुसरा सांगतो इंजिन तापल्यावर त्याच्यात किती दाटपणा उरतो. मिस्त्रींनी दुसऱ्या आकड्यावर अंगठा ठेवला.

"सर, हे न्हाय चालायचं," ते म्हणाले. "हे नव्या इंजनाचं तेल हाय. तुमचं इंजन झिजलंय, आतली फट वाढलीया. तापल्यावर हे तेल दाब धरायचं न्हाय. काकवी तापली की कशी पळती बघा, तसं व्हईल."

नेमकं काकवीचंच उदाहरण. वर्गात श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, शिकवताना मी दर वर्षी तेच देतो, गार काकवी आणि तापलेली काकवी. माझंच उदाहरण मला कुणीतरी ऐकवतंय, याचाच मला राग आला.

"मिस्त्री, व्हिस्कॉसिटी मला शिकवू नका," मी म्हणालो. "मी पोरांना तीच शिकवतो."

ते हसले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. "बरं. गाडी तुमची, तेल तुमचं. पर एक करा, दर रविवारी पट्टी काढून बघत जावा. जुनं इंजन असलं तेल पितंय."

त्यांनी तेल बदललं, पत्रिकेवर नव्या तेलाचा थेंब टाकला. निघताना म्हणाले, "सर, माझी पोरगी औंदा अकरावीला जातीया. तुमच्याच क्लासला घालतो म्हणतोय." मी "घाला की" म्हणालो आणि गाडीत बसलो. गाडी खरंच हलकी झाल्यासारखी वाटत होती. दर रविवारी पट्टी काढणं तर सोडाच, मी बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

मे महिन्यात आम्ही दोघं कोकणातून परत येत होतो. गगनबावड्याचा घाट, दुपारची वेळ, एसी चालू, पुढे ट्रकांची रांग. एकेका ट्रकला मागे टाकायला मी गाडी पिळत होतो. निम्म्या घाटात डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लुकलुकला. मला वाटलं, वळणामुळे. पुढच्या वळणावर पुन्हा लागला. मग इंजिनातून टकटक सुरू झाली, आणि घाटमाथा दिसायला लागला तेव्हा मोठा ठोका पडून गाडी बंद पडली. मी पट्टी ओढून काढली. टोकाला नावापुरतं तेल होतं, पाण्यासारखं.

"मिस्त्रीनं काय घातलंय कुणास ठाऊक," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

बायको दगडावर बसली होती. "तेलाचा डबा तर तुमीच घेऊन गेलता की," ती म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतं," मी खेकसलो. गाडी ओढून न्यायला माणूस येईपर्यंत आम्ही दोन दिशांना तोंडं करून बसलो.

बेअरिंग गेलं होतं. गाडीवाल्या मित्रांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर मी लिहिलं, "उचगावच्या मिस्त्रीनं भलतंच तेल घातलं, इंजिन बसलं." घातलं मिस्त्रींनीच होतं, हे अगदी खरं. त्या एका शब्दाच्या आडोशाला मी उभा राहिलो. मित्रांनी हळहळ व्यक्त केली, एकानं मिस्त्रींना शिव्या दिल्या. मी त्याला थांबवलं नाही. त्यातले पाचसहाजण उचगावला गाड्या न्यायचे, ते जायचे बंद झाले. मिस्त्रींनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही.

गाडी इकडे शहरातल्या एका गॅरेजात कित्येक महिने पार्टसाठी उघडी पडून होती. मधेच अकरावीच्या वर्गात श्यानतेचा धडा आला. आपबीती सांगितली की पोरं टक लावून ऐकतात, हा माझा अनुभव. मी घाट सांगितला, लाल दिवा सांगितला. मग म्हणालो, "आमच्या मिस्त्रीला वाटलं, तेल ते तेल. त्यानं पातळ तेल ओतलं आणि माझं इंजिन गेलं. म्हणून म्हणतो, पोरांनो, फिजिक्स शिका." वर्ग हसला. मला बरं वाटलं.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. गप्प असणारी, वहीतून डोकं वर न काढणारी मुलगी. "सर, ते तेल आणलं कुणी?"

साठ पोरं बघत होती. खरं बोलायला एक शब्द पुरला असता.

"मिस्त्रीनंच," मी म्हणालो. "आणि कोण आणणार?"

पोरं पुन्हा हसली. ती खाली बसली आणि वहीत बघत राहिली. तो शब्द मी इतक्या सहज बोललो की मलाच नवल वाटलं. पुढच्या गणिताकडे वळलो.

दिवाळीनंतर इंजिन नव्यानं बांधून झालं. गॅरेजवाल्यानं विचारलं, "आता तेल कुठलं घालायचं? तुमच्या ह्या इंजनाचा आम्हाला फारसा अनुभव न्हाय. आदी कोण बघत हुतं?"

"उचगावचे मिस्त्री."

तो हात पुसत थांबला. "म्हंजी पातळ तेल घातलं म्हणत हुता ते त्यांनी? मी शिकलो त्यांच्याकडंच. ते असं करायचे न्हाईत, सर."

मी विषय बदलला. सध्यापुरतं त्याच्याकडचं तेल घालून गाडी घरी आणली आणि कप्प्यातलं कंपनीचं पुस्तक काढलं. इतकी वर्षं ते तिथेच पडून होतं, मी प्लॅस्टिकसुद्धा फाडलं नव्हतं. आत तक्ता होता, कुठल्या हवेत कुठलं तेल. आपल्याकडच्या उन्हासमोर मिस्त्रींचं तेल छापलेलं होतं, आकड्याला आकडा जुळत होता. माझ्या तेलाचं नाव तक्त्यात नव्हतंच. मी ते पान कितीतरी वेळ उघडं ठेवून बसलो. चुकलो होतो हे घाटातच कळलं होतं. पण चुकीपेक्षा ती झाकायला मी जे खोटं बोललो होतो, ते त्या पानासमोर अंगावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उचगावला गेलो. पूर्वी शेडाबाहेर गाड्यांची रांग असायची. त्या दिवशी एक मालवाहू टेम्पो आणि एक स्कूटर होती. मिस्त्री उठले. "या सर. गाडी झाली का चांगली?" बस, एवढंच. मी माफीची वाक्यं ठरवून आलो होतो. "तेल बदलायचंय," मी म्हणालो. "तुमचं नेहमीचं."

"आदीचा डाग बघू या," म्हणत ते तारेवरच्या पत्रिका चाळायला लागले. माझी त्यांनी काढून टाकली नव्हती. माझ्या हातात दिली. डाग फिका होता, जवळजवळ पाणीच. खाली तारीख, किलोमीटर, आणि सुबक गोल अक्षरात लिहिलेलं: *तेल सरांनी स्वतः आणलं. आप्पा नको म्हणत होते.*

मी दोनदा वाचलं. म्हणजे हा पुरावा एवढे दिवस तारेवर लटकत होता. पत्रिकेचा एक फोटो मोबाइलवर फिरवला असता तर राजारामपुरीत तोंड दाखवायला मला जागा उरली नसती. मिस्त्रींनी तो कुणाला दाखवला नाही. पत्रिकेवरचं "आप्पा" मात्र मला उलगडेना.

तेवढ्यात शेडामागच्या घरातून चहा घेऊन एक मुलगी आली. मी वर बघितलं. तिसरा बाक.

"सर, घ्या," ती म्हणाली, आणि बाजूला उभी राहिली.

मी कप घेतला. मिस्त्री कौतुकानं म्हणाले, "ही माझी पोरगी. तुमच्याच क्लासला हाय. माझं अक्षार कुणाला लागत न्हाय, म्हणून समदं हीच लिवती."

मी कप खाली ठेवला. दोघांकडे बघून म्हणालो, "मिस्त्री, तेल मी आणलं होतं. तुम्ही नको म्हणाला होतात. मी सगळ्यांना उलटं सांगितलं. वर्गातही." पुढे माफीचं काहीतरी बोललो, नीट आठवत नाही.

मिस्त्री खाली बघत होते. "ऱ्हाऊ द्या सर, झालं गेलं," ते म्हणाले, आणि पाना उचलून गाडीकडे गेले. वर्गातलं त्यांना आधी ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरूनच मला कळलं. पोरीनं घरी सांगितलंच नव्हतं.

मी तिला विचारलं, "तुला तर माहीत होतं. मग त्या दिवशी विचारलंस का?"

तिनं तारेवरच्या पत्रिका सारख्या केल्या. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तुमी खरं सांगशीला वाटलं, सर."