कंट्रोलचा आवाज

टॅक्सी कंपनीत वायरलेसवरून गाड्या धाडणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘कंट्रोल’ म्हणत. त्याच कंपनीत टॅक्सी चालवणाऱ्या त्याच्या मेहुण्याने ते नाव घरी आणलं आणि घरातही तेच नाव रुळलं. आवाज खणखणीत. इंजिन कितीही कुरकुरो, ड्रायव्हरला शब्द न् शब्द कळायचा.

पुढे घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती पत्र्यावर वीट घासल्यासारखी खरखर. त्याच सुमारास कंपनीने गाड्यांतले वायरलेस सेट काढून मोबाइल दिले. भंगारात निघालेले सेट कंट्रोलने मागून घेतले.

हौशी रेडिओचा परवाना त्याच्याकडे तरुणपणापासून होताच. आता तो या सेटांमधले टॅक्सीचे चॅनल पुसून हौशी मंडळींच्या फ्रीक्वेन्सी भरून देऊ लागला. नव्या कॉम्प्युटरशी या सेटांचं पटेना, म्हणून माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आला. आधी सेटमधलं आहे ते वाचून जपून ठेवायचं, मग नवं भरायचं. भरताना मध्येच फ्यूज उडून वीज गेली, तर सेट कायमचा मुका. त्यामुळे तेवढा वेळ बायकोला मिक्सरबंदी असे. तपासणी मीटरवर व्हायची, बोलावं लागत नसे. हौशी रेडिओ क्लबच्या गप्पा तो रोज सेटवर ऐके, पण माइकला हात लावत नसे. एकदा बोलून तर बघा, असं बायकोने सुचवलं होतं. लोकांनी आधीचा आवाज ऐकलाय, तोच त्यांच्या कानात राहू दे, असं तो म्हणाला.

एका दुपारी सेटवर क्लबमधल्या एका नव्या बाईंची हाक आली. त्या बेकरी चालवायच्या. त्यांचा सेट क्लबमार्फत त्यानेच भरून दिला होता. कुणी ऐकतंय का, त्यांनी विचारलं. भर दुपारी कोण असणार? त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, “सेटच बिघडलेला दिसतोय. परत द्यावा लागणार.”

हे मात्र त्याला झोंबलं. त्याने माइक उचलला, परवान्यावरची आपली कॉल साइन सांगितली. “सेट ठीक आहे, बाई. मी ऐकतोय.”

“तुमचा आवाज फार घोगरा येतोय. तुमचा सेट तपासून घ्या.”

“सेट नाही, मीच तसा आहे.”

असू दे, कळतंय सगळं, असं म्हणून त्यांनी आभार मानले आणि पाव करपतील म्हणून निघाल्या.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मिक्सर लावू का, एवढंच विचारलं.

त्यानंतर तो संध्याकाळच्या गप्पांत बोलू लागला. पुढे गप्पांच्या आधी सगळ्यांची हजेरी घ्यायचं कामही आपसूक त्याच्याकडे आलं. मध्येच तो पाणी प्यायला थांबतो, तेव्हा बाकीचे वाट बघतात.