परिचय मेळाव्यात मी रडलो

हसायचं नसेल तरच सांगतो. बरं, हसा! नाहीतरी आमचं अख्खं खापा गाव हसून मोकळं झालंय.

आईनं माझं नाव धरमपेठेतल्या एका वधू-वर परिचय मेळाव्यात टाकलं होतं. वय चौतीस, खाप्यात खत-बियाण्यांचं दुकान, आणि पदरात ढीगभर नकार. आई सकाळीच पुढे गेली. तिचा फोन आला, "काहून उशीर करून राहिला बे? सरळ हॉलमंदी ये!"

मी सरळ गेलो. हॉल दोन होते, एक खाली, एक वर. हे कोण सांगणार?

खालच्या हॉलमध्ये खुर्च्या गोलात मांडलेल्या. दहा-बारा बाया-माणसं माना खाली घालून बसलेली. म्हटलं, लाजतात बिचारी! मधल्या ताई म्हणाल्या, "आपल्या बोलीत सांगा. घाई नाही. न बोलता बसलं तरी चालते."

काय सुधारलेला मेळावा!

एक बाई म्हणाली, "गर्दीत गेली की माह्या छातीत धडधडते." मी मनात म्हटलं, काही बिघडत नाही, रजिस्टर लग्न करू!

एक जण म्हणाला, "वर्षभर मी घराबाहेर पाय नाही टाकला." म्हटलं, याला घरजावई व्हायचंय.

मग माझ्या वयाची एक निळ्या कुर्त्यातली मुलगी बोलली. नाव नाही सांगणार, तिथला नियम आहे. "फोडणीचा आवाज, कुकरची शिटी, मले लहानपणापासून सहनच होत नाही. घरचे म्हणत, नखरे करते. आता समजलं, माह्या मेंदूची ठेवणच वेगळी हाये."

एवढा खरेपणा! मला राहवलं नाही. "चालते ना! स्वयंपाक मी करीन!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमचंही ऐकू. बोला."

मी उठून शर्ट नीट केला. "प्रशांत. उंची पाच फूट आठ इंच. व्यसन नाही. वांग्याची भाजी आवडते."

"आणखी?"

"आजवर सगळ्या पोरींनी नाही म्हटलं."

"मंग तुमाले कसं वाटते?"

आता बघा, माझी उंची सगळ्यांनी विचारली, दुकानाची कमाई विचारली, मामेकुळ विचारलं. हे कोणीच विचारलं नव्हतं! मी तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी हुंदकाच आला. "नकार आला की आई देवघरात जाऊन बसते. मी दुकानात गिऱ्हाइकाशी हसून बोलतो. असं वाटते, आपल्यातच काही खराबी हाये."

शेजारच्या आजोबांनी मुकाट्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. खूप हलकं वाटलं हो! डोळे पुसले, खिशातून कागद काढला आणि विचारलं, "मंग पत्रिका कोणापाशी द्यायची?"

"कायची पत्रिका?"

"माही! लग्नासाठी!"

सगळ्यात आधी निळा कुर्ता हसला. "भाऊ, लग्नाचं वरच्या मजल्यावर हाये! आमी इथं मन मोकळं कराले येतो."

भाऊ! आला, अजून एक नकार आला.

मला धरणी पोटात घेईना. ताईंनाही हसू आवरत नव्हतं, पण दारापर्यंत सोडायला आल्या. "चुकून आले, पण रडले खरंखुरं. पुढच्या रविवारी ठरवून या."

मी धावत वर गेलो. माझं नाव पुकारून झालं होतं, पण आईनं आयोजकांच्या हातापाया पडून जागा धरलेली. कोणीतरी मला स्टेजवर ढकललं, हातात माइक दिला. समोर दोनशे माणसं, पहिल्या रांगेत नवी साडी नेसलेली आई.

"परिचय द्या!"

अजून खालच्याच तंद्रीत होतो मी. "नमस्कार, मी प्रशांत. चारचौघांत हसतो, पण मनातून मले लय रडू येते."

मग मागून कोणीतरी खुदकन हसलं, आणि सगळा हॉल फुटला.

मी आशेनं आईकडे पाहिलं. तिनं पदर सावरला, शेजारच्या बाईकडे वळली आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "कोणाचं पोरगं हाये वं हे?"